लोणावळ्याच्या अलीकडे उतरा

परदेशातून पुण्यात मराठी शिकायला येणारी मुलं संख्येनं थोडी असतात, पण दरवर्षी येतात. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली निघाली आणि सुरुवातीला डेक्कन कॉलेजात तिचं बस्तान बसलं, तेव्हापासूनचा हा ओघ. तिचा उन्हाळी वर्ग जूनमध्ये सुरू होतो नि ऑगस्टमध्ये संपतो; वर्षभर राहणारी मुलं वेगळी. कुणाला तुकारामावर प्रबंध लिहायचा असतो, कुणाला दलित आत्मकथनं मुळातून वाचायची असतात, तर कुणाला न्यू जर्सीत वाढल्यामुळे राहून गेलेलं आजीशी बोलणं पूर्ण करायचं असतं. अशा मुलांच्या मी शिकवण्या घेते. सोमवार ते शुक्रवार त्यांच्या मागे विभक्ती नि सामान्यरूपं लागलेली असतात. शनिवार-रविवार मोकळे. त्या मोकळ्या दिवसांचं काय करावं, याबद्दल मुलांना घेऊन मावळात हिंडता हिंडता माझी काही मतं पक्की झाली.

माझी एक विद्यार्थिनी आधी स्पेनमध्ये, सलमान्कात, स्पॅनिश शिकून आली होती. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. दर शनिवारी शाळेची बस मुलांना जवळच्या एखाद्या शहरात न्यायची. सेगोव्हियाला गेले की रोमन लोकांनी बांधलेला पाण्याचा पाट पाहायचा, फोटो काढायचे, जेवायचं आणि परत. ती म्हणाली, “ताई, सहल छान व्हायची. पण बसमध्ये मी शेजारच्या जर्मन मुलीशी दिवसभर इंग्रजीत बोलायचे.” हे वाक्य मी लक्षात ठेवलंय.

१. लोणावळ्याच्या एक स्टेशन अलीकडे उतरावं.

पुण्यात मराठी शिकायला आलेल्या मुलांची मोठी तक्रार ही, की पुणं त्यांच्याशी मराठी बोलत नाही. गोरा चेहरा दिसला की कोथरूडचा दुकानदार इंग्रजीत शिरतो. मुलगी भारतीय वंशाची असेल तर पहिलं वाक्य मराठीत येतं, पण ती क्रियापदापाशी अडखळली की समोरचा दयाळूपणे हिंदीवर जातो. सगळे सौजन्यानंच वागतात आणि मुलीचं मराठी मात्र आहे तिथेच राहतं.

सहल म्हटली की घरमालकीणबाई सुचवतात लोणावळा. मुलं जातात आणि पुण्यापेक्षाही कमी मराठी बोलून परत येतात. लोणावळ्याची बाजारपेठ मुंबईच्या पाहुण्यांवर चालते. चिक्कीच्या दुकानात पहिला प्रश्न हिंदीत येतो, दुसरा गुजरातीत येऊ शकतो. यात दुकानदाराची काही चूक नाही, ज्याचं गिऱ्हाईक त्याची भाषा. पण शिकणाऱ्याच्या हाती काय लागलं? अर्धा किलो शेंगदाणा चिक्की.

त्याच लोकलनं लोणावळ्याच्या आधीच्या मळवलीला उतरा, त्याच्याही आधीच्या कामशेतला उतरा, नाहीतर वडगावला. मावळ तालुक्याचे पवन मावळ, नाणे मावळ नि अंदर मावळ असे तीन भाग गावकऱ्यांच्या बोलण्यात अजून आहेत, आणि कामशेत-वडगावात त्या तिन्हीकडची माणसं बाजाराला, तहसीलला, दवाखान्यात येतात. इथे गोऱ्या मुलीकडे लोक बघतात खरे, पण बघून झालं की मराठीतच विचारतात. दुसरी भाषा काढावी असं त्यांच्या मनातही येत नाही. जागा निवडताना मी पाहण्यासारखं काय आहे हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. बोलायला कोण आहे, हे पहिल्या.

२. लोकलमध्ये मुलांना एकत्र बसू देऊ नये.

पुणे-लोणावळा ही चौसष्ट किलोमीटरची लोकल १९७८ पासून धावते आहे. दीडेक तास लागतो. खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी असं करत देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव. पुढची स्थानकं ऐकून ओळखणं हा कानाचा पहिला व्यायाम, कारण घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होते आणि मुलांनी मराठीतच उत्तर सांगायचं असतं.

खरा अभ्यास डब्यात होतो. चौघं असतील तर चौघं चार ठिकाणी. मुलींनी बायकांच्या डब्यात जायचं. तिथे पिंपरी यायच्या आत विचारपूस सुरू होते. कुठनं आलीस, इथं कुणाकडे राहतेस, आई-वडील काय करतात, भाऊ किती, लग्न झालं का, नाही तर का नाही, पगार किती मिळतो, तिकडे भाकरी खातात का. पहिल्या महिन्याचा माझा सगळा अभ्यासक्रम या प्रश्नांत बसतो, आणि माझ्यापेक्षा चांगल्या क्रमानं बसतो.

अमेरिकन मुलांना लग्नाचा नि पगाराचा प्रश्न बोचतो. वर्गात मी त्यांना एकच सांगून ठेवते, की उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ, पण उलट प्रश्न विचारा. “तुमचं कधी झालं?” एवढं विचारलं की बाई मोकळ्या होतात आणि मग तळेगावपर्यंत ऐकत राहायचं. सासर अंदर मावळात, माहेर खेडला, नवरा चाकणच्या कंपनीत, धाकट्याला बारावीला किती पडले. भूतकाळाचे सगळे प्रयोग कानावरून जातात. एका मुलाला ‘मला पाहिजे’ आणि ‘मी पाहतो’ यांची गाठ वर्गात सुटेना. ती कासारवाडी नि आकुर्डीच्या दरम्यान एका फळवाल्यानं सोडवली, नि बदल्यात दोन डझन केळी विकली.

दुपारी गाड्यांमध्ये मोठा खंड पडतो. परतीचं वेळापत्रक हातात असल्याशिवाय निघू नये.

३. यादी शब्दांची देऊ नये, कामाची द्यावी.

सहलीआधी पन्नास शब्दांची यादी वाटण्याची पद्धत आहे. मुलं ती लोकलमध्ये वाचतात आणि खिडकीबाहेर बघत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येकाला एकेक काम द्यावं, असं की बोलल्याखेरीज ते पुरं होणारच नाही. भाज्यांच्या बाजूनं चालत जाऊन आजचा दर विचार, आणि कालपेक्षा का वाढला ते विचार. बेडशाच्या लेण्यांकडे जाणारी गाडी कुठून मिळते हे तिघांना विचार, आणि तिघांनी वेगळं सांगितलं तर कुणावर विश्वास ठेवला ते सांग. गावात सगळ्यांत जुनं घर कुणाचं ते शोध.

जुलैत भाताचं काम द्यायचं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी तांदूळ १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला, आणि आज पुण्यातल्या घराघरांत तो शिजतो. मुलं ज्या घरी राहतात तिथेही. तेव्हा काम असं, की खाचरात कोणतं भात लावताय ते विचार, रोपांची दाढ कधी टाकली ते विचार, घरी खायला वेगळं नि विकायला वेगळं असतं का ते विचार. पण लावणी चालू असताना बांधावरून विचारायचं. माणसं पाठ वाकवून चिखलात उभी असतात, पाऊस पडत असतो, आणि आपण कॅमेरा घेऊन त्यांच्यात घुसणं बरं नाही. बोलवलं तर मात्र जावं. बहुतेक वेळा बोलवतात. एखादी आजी रोपांची मूठ हातात देते, मुलगी ती भलत्या अंतरावर रोवते, ओळीतल्या सगळ्या बाया हसतात आणि आजी रोप उपटून पुन्हा लावते. आज्ञार्थ शिकवायला मला कधी इतकं चांगलं साधन मिळालं नाही. इकडं ये, तिथं नको, वाक, दाबू नको, अगं हळू.

४. कौतुकानंतरचं वाक्य आधीच तयार ठेवावं.

हा धडा मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. परदेशी मुलगा मराठीत दोन वाक्यं बोलला की लोक खूश होतात. “अरे वा! किती छान मराठी बोलता तुम्ही! आमची पोरं इंग्लिश मीडियमला, त्यांना येत नाही.” मग शेजारच्या टपरीवरून दोघांना बोलावलं जातं, “हे बघा, मराठी बोलतात!” मग सेल्फी. मग टाटा. बोलणं संपलं, आणि पोराच्या तोंडून तेवढी दोनच वाक्यं निघाली. पाच आठवडे तीच दोन वाक्यं म्हणत, टाळ्या घेत फिरलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना वाटत असतं आपलं मराठी फार सुधारतंय.

कौतुक हा संभाषणाचा दरवाजा बंद होण्याचा आवाज असतो. तो बंद होण्याआधी पाय मध्ये घालावा लागतो. मी मुलांकडून प्रश्न पाठ करून घेते. ‘धन्यवाद’ म्हणायचं आणि श्वास न घेता पुढे, “तुमचं गाव हेच का?” हे गाव नसेल तर कोणतं, तिथून इथे कसे आलात, मुलं इंग्लिश मीडियमला का घातली. शेवटच्या प्रश्नावर वडगावच्या एका चहावाल्यानं अर्धा तास घेतला. इंग्रजी शाळेची फी, मराठी शाळेतली घटती मुलं, बायकोचा आग्रह, मेहुण्याचं उदाहरण असं सगळं झालं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

५. एका दिवसात एकच लेणं.

मळवली स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला बेडसे. तिन्ही एका दिवसात उरकता येतात आणि पुष्कळ जण उरकतात. सहल भाषेसाठी असेल तर नको.

भाजे मला सगळ्यांत सोयीचं वाटतं. स्टेशनातून निघायचं, द्रुतगती मार्ग पुलावरून ओलांडायचा की भाजे गाव. रस्ता वस्तीतून जातो, म्हणजे तासाभराच्या चालीत कुणी ना कुणी भेटतंच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे काम, चैत्याच्या छताला लाकडाच्या कमानी अजून आहेत, आणि एका विहारात नाचणारी स्त्री नि तिच्या शेजारी जोडवाद्य वाजवणारी दुसरी, अशी शिल्पं. ते तबल्यासारखं वाद्य पाहून संगीत शिकणारी मुलं पहारेकऱ्याशी वाद घालतात. घालू द्यावा. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र भाज्याच्या धबधब्याखाली अख्खं पिंपरी-चिंचवड लोटतं, म्हणून जायचं ते शनिवारी सकाळच्या लोकलनं.

कार्ल्याचा चैत्य भारतातला सगळ्यांत मोठा कोरीव चैत्य, सुमारे पंचेचाळीस मीटर लांब. तिकीट खिडकीवर मी शेवटचं पाहिलं तेव्हा भारतीयांना २५ आणि परदेशी पाहुण्यांना ३०० रुपये होते. मराठीत घासाघीस करून उपयोग होत नाही, तरी प्रयत्न करायला मी मुलांना सोडते, तेवढंच दोन मिनिटं बोलणं. आत गेल्यावर खांबांवरचे ब्राह्मीतले लेख दाखवते. कुणी सोपाऱ्याचा, आणि धेनुकाकटाचे बरेच, त्यांत स्वतःला यवन म्हणवणारे काही. परक्या मुलखातून आलेल्या माणसांनी इथल्या प्राकृतात आपलं नाव कोरून ठेवलेलं पाहिलं की मुलांना एरवी रुक्ष वाटणारा षष्ठीचा प्रत्यय एकदम बघावासा वाटतो. नावाला लागलेला तो ‘स’ त्यांना खांबावर सापडतोही.

बेडशाला गर्दी नसते. घोड्या-हत्तींवर बसलेली कोरीव जोडपी खांबांच्या माथ्यावरून बघत असतात, खाली गावातला एखादा गुराखी बसलेला असतो, आणि त्याला वेळ असतो. वर्षभराच्या मुलांना मी हिवाळ्यात इथे आणते.

६. पुस्तकात नसलेली मराठी ऐकून घाबरायचं नाही, आणि ती लगेच दुरुस्त करायला तर मुळीच जायचं नाही.

मावळात ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ असतं, ‘इकडनं’ असतं, ‘बगा’ असतं. मुलं वहीत लिहून घेतात आणि सोमवारी मला विचारतात, बरोबर कोणतं. घरमालकीणबाईंना विचारलं तर त्या नाक मुरडून सांगतात, ते गावंढळ, तू तसं बोलू नकोस. मला हे आवडत नाही. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून आल्या आणि पुण्यात न राहता फलटणला जाऊन राहिल्या. तिथल्या लोकांच्या बोलण्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच.डी. केली, जाई निंबकरांबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं लिहिली, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं. आमच्या पिढीतल्या शिक्षकांनी त्याच पुस्तकांवर शिकवायला सुरुवात केली. तालुक्याच्या गावचं बोलणं अभ्यासाच्या लायकीचं आहे हे त्यांनी आम्हाला करून दाखवलं, तरी पुण्याचं नाक अजून मुरडतंच.

चैत्रात एकवीरेच्या यात्रेला कार्ल्याच्या पायऱ्यांवर अलिबाग-उरणपासून मुंबईच्या कोळीवाड्यांपर्यंतचे आगरी-कोळी लोक येतात. त्या गर्दीतलं बोलणं मलाही निम्मंच कळतं. वर्षभराच्या मुलांना एकदा तिथे न्यावं. आपली बाई कान टवकारून ऐकते आहे, एका मावशीला पुन्हा पुन्हा “काय म्हणालात?” विचारते आहे, हे पाहिलं की त्यांना फार बरं वाटतं. वरच्या वर्गातल्या मुलांची भीती मी दुसऱ्या कशानं इतकी घालवू शकलेले नाही.

७. पावसात पाण्याजवळ जायचं नाही. इथे चर्चा नाही.

उन्हाळी वर्गाची मुलं येतात तीच ऐन पावसात. अमेरिकेत जिला उन्हाळी सुट्टी म्हणतात ती इथे मृगापासून सुरू होते, आणि लोणावळा-खंडाळ्याचा पाऊस म्हणजे पुण्याच्या कितीतरी पट. मुलांना सह्याद्रीतलं पाणी कळत नाही. वर डोंगरात ढग फुटला की खाली पाच मिनिटांत लोंढा येतो, हे त्यांना सांगून पटत नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीच्या भारानं कोसळला, चौघं गेले. दोन्ही बातम्या मी पहिल्याच आठवड्यात वर्गात वाचायला देते. वाचन म्हणून त्या सोप्या असतात. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेशही देते. तो कठीण असतो, कारण सरकारी मराठी. पण ‘मनाई’ आणि ‘दंडनीय’ हे दोन शब्द आले की मुलगा पावसाळा पार करतो.

लोहगडाच्या विंचूकाट्यावर पावसात जाऊ नये. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या आणखी अकरा किल्ल्यांबरोबर लोहगड युनेस्कोच्या यादीत गेला, तेव्हापासून तर तिथे जायचंच असा प्रत्येकाचा हट्ट असतो. दरवाज्यांपर्यंत जावं. गणेश, नारायण, हनुमान, महा असे चारही दरवाजे एकामागून एक वळणं घेत चढतात, आणि तेवढ्यातच किल्ला समजतो.

८. जेवण वस्तीत, आणि ‘नको’ म्हणण्याचा सराव आदल्या दिवशी.

लोहगडवाडीत पिठलं-भाकरी मिळते. सांगून ठेवलं की घरात बसवून वाढतात. हल्ली निम्मी मुलं दूध-तूपही न खाणारी असतात. त्यांची सोय पुण्याच्या हॉटेलापेक्षा इथे बरी होते. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, भात. “तूप नको” एवढं म्हटलं की झालं. पण तूप नको का, पोट बिघडलंय का, डॉक्टरनं सांगितलंय का, की उपास, याची उत्तरं देता आली पाहिजेत.

चुलीपुढची बाई तिसरी भाकरी घेऊन उभी राहते तेव्हा आपली मुलं विनयानं हसतात. हसणं म्हणजे होकार. चौथी येते. शिष्ट मराठीतलं “मला आता नको आहे” इथे कुणी मनावर घेत नाही. ताटावर हात आडवा धरून “बास मावशी, पोट भरलं, लई झालं” असं तीनदा, चढत्या आवाजात म्हणावं लागतं. नंतर पैसे देतानाही हीच झटापट उलट दिशेनं होते. ठरलेले पैसे ती निमूट घेते. वर काही द्यायला गेलं तर घेत नाही. त्यापेक्षा पुण्याहून मुलांसाठी वही-पेन्सिली नेलेल्या चालतात, पण त्याही आधी विचारून.

९. वडगावला इष्टुर फाकडा दाखवावा.

जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजी फौजेची मराठ्यांनी वडगावला कोंडी केली आणि तह लिहून घेतला. महादजी शिंद्यांचं नाव या लढाईशी जोडलेलं आहे. त्याआधी ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. शत्रूचा अधिकारी, पण मराठी शिपायांना त्याची हिंमत आवडली नि त्यांनी त्याला नाव दिलं इष्टुर फाकडा. त्याची समाधी वडगावला पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. परदेशी मुलांना घेऊन पोलीस ठाण्यात शिरायचं म्हणजे आधी ड्यूटीवरच्या हवालदाराला कारण सांगावं लागतं. ते मुलांनीच सांगायचं. या तासाला नापास कुणी झालेलं नाही.

१०. योगासाठी लोणावळ्याला जायचं असेल तर खुशाल जावं, मराठीच्या खात्यात ते धरू नये.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलेलं कैवल्यधाम जगभर नावाजलेलं आहे, आणि म्हणूनच तिथे जगभरच्या भाषा आहेत.

११. मुक्कामाला राजमाची, पण आधी बुधा वाचून.

ही सहल वर्षभराच्या मुलांसाठी, दिवाळीनंतर. लोणावळ्याहून पंधरा-सोळा किलोमीटर चाल, वर उधेवाडी, श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. गो. नी. दांडेकर तळेगावला राहायचे. त्यांच्या ‘माचीवरला बुधा’चा म्हातारा मुंबईचं बिऱ्हाड सोडून याच माचीवर राहायला येतो. कादंबरीत माणसं थोडी आणि झाडं, पाखरं, वारा पुष्कळ. कोशात नसलेले शब्द पानोपानी. मी मुलांना पहिली काही पानंच देते, आणि अडलेल्या शब्दांवर खुणा करून ठेवायला सांगते. त्या खुणा घेऊन उधेवाडीत विचारायचं. एखादं झाड घरातला मुलगा हात धरून दाखवतो, एखाद्या शब्दावर आजोबा म्हणतात, असलं आम्ही म्हणत नाही, ते लिवणाऱ्याचं असंल. दोन्ही उत्तरं मोलाची.

मुक्कामाचा एक गुण असा की दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना भाषांतर करून बोलायचा कंटाळा आलेला असतो. दोष असा, की आदल्या दिवशी दुपारी चारनंतरच त्यांचं मराठी आटतं. चेहरे बंद होतात, ‘हो-हो’ सुरू होतं, कुणी शेकोटीपासून दूर जाऊन फोनला रेंज शोधतं. त्या वेळी मी त्यांना आपसांत इंग्रजी बोलू देते. काही शिक्षक चोवीस तास मराठीची शपथ घालतात. मला ती क्रूर वाटते. थकलेल्या माणसाला परक्या भाषेत विनोद करता येत नाही, आणि चार दमलेल्या मुलांनी रात्री हसणं मला व्याकरणापेक्षा निकडीचं वाटतं. सकाळी चुलीपाशी चहा मागताना मराठी आपोआप परत येतं.

१२. सोमवारी निबंध मागू नये.

‘माझी सहल’ हा निबंध मराठी शाळेतल्या मुलांनाही नीट जमत नाही. सूर्य उगवला, आम्ही आनंदाने निघालो, संध्याकाळी घरी परतलो. त्याऐवजी मी प्रत्येकाला कुणातरी एका माणसाचं बोलणं जसंच्या तसं सांगायला लावते, आवाज बदलून, हातवारे करून. लोकलमधली बाई, हवालदार, भाकरीवाली मावशी. नकलेत लिंग-वचन चुकत नाही, कारण ऐकलेलं कानात असतं. माझ्या वर्गात सगळ्यांत चांगलं मराठी सोमवारी सकाळी ऐकू येतं, आणि ते विद्यार्थ्यांचं नसून कामशेतच्या कुणाचं तरी असतं.

१३. शेवटच्या सहलीला शिक्षकानं घरी बसावं.

मी बरोबर असले की लोक माझ्याशीच बोलतात. मुलीला प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघतात, “हिला भात चालतो का?” म्हणून उन्हाळी वर्ग संपायच्या आधीच्या शनिवारी मुलं एकटी जातात. कुठे जायचं ते त्यांनी ठरवायचं. पाण्याच्या अटी तेवढ्या माझ्या.

एका गटानं तळेगाव ठरवलं, गोनीदांचं गाव पाहायला. पोचले आणि पाऊस इतका लागला की स्टेशनाजवळच्या एका केशकर्तनालयात आसऱ्याला शिरले. कारागीर मोकळाच होता, बाकावर तिघं-चौघं गावकरी बसले होते. दुपार तिथेच गेली. एका मुलानं केस कापून घेतले, दुसऱ्यानं दाढी केली, गोनीदा राहून गेले. सोमवारी वर्गात त्यांनी जे करून दाखवलं ते पाहून मी थक्क झाले. गुंठ्याला काय भाव, द्रुतगती मार्गाला कुणाची जमीन गेली, पैसे आल्यावर कुणी गाडी घेतली नि कुणी पुन्हा जमीन, भावाभावांची वाटणी कोर्टात किती वर्षं, एनए करायला किती खेपा, सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागली म्हणून कोण कुणाशी बोलत नाही. मावळातली माणसं सध्या खरोखर कशावर बोलतात ते सगळं त्यात होतं, आणि माझ्या अभ्यासक्रमात त्यातलं काहीच नव्हतं. त्यात अजून ‘बाजारहाट’ आणि ‘सणवार’ होते.

पुढच्या वर्गापासून सातबाऱ्याचा एक उतारा मी वाचायला ठेवला. त्यातला ‘पोटखराबा’ म्हणजे नेमकं काय, हे मला तलाठी कार्यालयात असलेल्या मावसभावाला फोन करून विचारावं लागलं. लागवडीला न येणारी जमीन, त्याने सांगितलं, आणि मग त्यातलेही दोन प्रकार सांगत बसला.